बसने आलेला समुद्र

गणपती गेले की आमच्या चिंचपोकळीत उकाडा मुक्कामाला येतो. मांडवाचे बांबू अजून फुटपाथवर आडवे पडलेले असतात, पाऊस धड गेलेला नसतो आणि धड पडतही नसतो. गॅलरीत वाळत घातलेली साडी तासाभरात कडक होते. चाळीतले लोक पंख्याला शिव्या घालतात, बर्फाचे गोळे खातात. मी मात्र ओट्याकडे जाऊन माशांच्या टाकीच्या काचेवर चिकटवलेला थर्मामीटर बघते. पारा जरा वर सरकला की फ्रीजरमधली गोठवलेली पाण्याची बाटली काढायची, टाकीत सोडायची आणि पुन्हा पाऱ्याकडे बघत उभं राहायचं. गेल्या वर्षीपासून आश्विन महिना मला असाच येतो.

गेल्या वर्षी वैशाखात आई गेली. संध्याकाळी छातीत जळजळतंय म्हणाली. मी परळला नर्सिंग होममध्ये बिलिंगच्या काउंटरवर असते, तेव्हा ड्यूटीवर होते. घरात फक्त अण्णा, माझे वडील. त्यांनी तिला ओवा चावायला दिला, पाठ चोळली आणि पड जरा म्हणाले. ती पडली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं की लगेच आणलं असतं तरी फार काही झालं नसतं. अण्णांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी त्यानंतर बोलणंच सोडलं.

सोडलं म्हणजे रागाने नाही. माणूस नळ बंद करतो तसा त्यांनी आवाज बंद केला. सकाळी उठून भिंतीला पाठ लावून बसायचे. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. ताटातला भात तसाच. 'माका नको,' एवढे दोन शब्द, तेही कधीतरी. अर्धं आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात, मागावर काम केलेला माणूस, गिरणी बंद पडली तरी वॉचमनकी करून घर चालवलेला, तो असा वाळत चाललेला मी रोज बघत होते. शर्टाची कॉलर मानेपासून सुटायला लागली होती. ड्यूटीवर मोबाइल वाजला की मी हातातलं बिल तसंच टाकून तो उचलायचे. घराची कडी आतून उघडायला उशीर झाला की मी दार दोन्ही हातांनी बडवायचे. शेजारच्या सविताकाकू एकदा म्हणाल्या, 'अगं, दार तोडशील.' मी म्हटलं, 'तोडीन. दार परत बसवता येतं.'

गिरगावातल्या एका डॉक्टरांचं नाव कुणीतरी दिलं म्हणून गणपतीच्या आधी अण्णांना तिकडे नेलं. वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याची भली मोठी टाकी होती. अण्णा नेहमीसारखे खाली बघत बसलेले. नंबर यायला वेळ होता. मी कुठल्यातरी जुन्या मासिकाची पानं उलटत होते, आणि बघते तर शेजारची खुर्ची रिकामी. अण्णा टाकीसमोर उभे. काचेला बोट लावून त्यांनी एका पट्ट्यापट्ट्यांच्या माशाकडे दाखवलं आणि म्हणाले, 'ह्ये आमच्या खडपात गावतत.'

एवढंच. पण ते पूर्ण वाक्य होतं. त्यात 'आमच्या' होतं. मालवणच्या पुढचं त्यांचं गाव, ओहोटीला उघडे पडणारे खडक, त्यातली डबकी, लहानपणी त्या डबक्यांत हात घालून मासे पकडणारा एक पोरगा, हे सगळं त्या एका वाक्यात आत आलं. डॉक्टरांनी मग काय तपासलं, काय गोळ्या दिल्या, मला आठवत नाही. बाहेर पडताना माझं एकच ठरलेलं. मला खारं पाणी पाहिजे.

आता हे बोलायला सोपं आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात गेले तर दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. 'मॅडम, बजेट काय?' मी आकडा सांगितला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. 'मग गोल्डफिश घ्या ना. मस्त राहील. सॉल्टवॉटर आपल्या लेव्हलचं नाय. मीठ वेगळं येतं, मशीन वेगळी, लाइट वेगळी. एक चूक झाली की सगळे खल्लास.' मी म्हटलं, गोल्डफिश नको. गोल्डफिश माझ्या वडिलांच्या गावात नाही. तो काय समजायचं ते समजला. मग त्याने कागदाच्या तुकड्यावर कमीत कमी काय लागेल ते लिहून दिलं आणि म्हणाला, 'मीठ महाग पडेल तुम्हाला. समुद्राचं साफ पाणी मिळालं तर बघा. आणि घाई करू नका, पाणी आधी पिकायला लागतं.'

घाई करू नका. मला त्याला कान धरून घरी न्यावंसं वाटलं. भिंतीला टेकलेला माणूस दाखवावा आणि विचारावं, बाबा रे, आता सांग, किती थांबू?

टाकी दादरला मिळाली. कुणीतरी हौस संपल्यावर विकायला काढलेली, एका कोपऱ्यातून पाझरणारी. मी स्वतः यूट्यूब बघून सिलिकॉन भरलं. ठेवायची कुठे हा प्रश्न नव्हताच, दहा बाय बाराच्या खोलीत वजन पेलणारी जागा एकच, ओट्याचा कडप्पा. आई तिथेच विळी घेऊन बांगडे साफ करायची. तिथेच आता मासे जिवंत ठेवायचे होते. आई असती तर पदर तोंडाला लावून हसली असती.

राहिलं पाणी. वरळीला समुद्र आहे, गिरगावला आहे, पण त्या पाण्यात काय काय आहे हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. मी गावाला बाबीदादाला फोन लावला. हा माझा चुलत भाऊ, अण्णांच्या घरात राहणारा.

'दर्याचा पाणी? कित्याक गो? मुंबैक दर्यो नाय काय?'

मी सगळं सांगितलं. अण्णा बोलले, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तो म्हणाला, 'किती कॅन?'

आमच्याकडे गावाहून लालबागला रात्रीची ट्रॅव्हल्स येते. तांदूळ येतो, आमसुलं येतात, फणस, सुकं, कुळथाचं पीठ, कधी कोंबडाही येतो. दोरीने बांधलेल्या खोक्यांवर आडनाव आणि चाळीचा नंबर, पहाटे डिकी उघडली की सगळं कोकण फुटपाथवर उतरतं. त्या पहाटे आमचे निळे कॅन उतरले. क्लीनरने एक उचलला आणि विचारलं, 'काय ओ, तेल?' मी म्हटलं, पाणी. 'विहिरीचं?' म्हटलं, समुद्राचं. त्याने कॅन खाली ठेवला, ड्रायव्हरकडे बघितलं. 'मालक, समुद्र पण आपल्याच गाडीने आलाय,' म्हणाला. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही यायला लागलं, तेव्हा मी पटकन टॅक्सीला हात केला.

तो पितृपक्ष होता, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कॅन जिन्याने चढवताना खालच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, 'पितरांच्या दिवसांत घरात नवीन काही आणतं का कोणी?' मी म्हटलं, 'नाही आणलं तर पुढच्या पितृपक्षात अण्णांचं पान वाढावं लागेल.' जीभ माझी अशीच आहे, आणि त्या दिवसांत तर तिला धारच लागली होती. सविताकाकूंनी मात्र पदर खोचला आणि दोन कॅन स्वतः वर आणले. 'आमच्याकडे असलं काही नसतं बाई. तू चल पुढे,' म्हणाल्या.

आईच्या जुन्या सुती साडीची चौपदरी घडी करून त्यातून पाणी गाळलं. बाबीदादाने मी न मागताच खडपातले चार दगड पाठवले होते, आणि एका कॅनच्या तळाशी न विचारता आलेले पाहुणे होते. इवल्या गोगलगाई आणि शंख पाठीवर घेऊन चालणारे दोन खेकडे. अण्णा भिंतीपाशी होते. मी मुद्दामच त्यांच्याकडे बघितलं नाही. दगड रचत राहिले, चुकीचे रचत राहिले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, 'तो आडवो घाल. उभो पडात.'

पाणी पिकवायचं म्हणजे त्यात काहीतरी कुजवायचं, त्यावर जगणारे जंतू वाढू द्यायचे, मग ते जंतू माशांची घाण खातात. दुकानदाराने सांगितलं होतं, एक कोळंबी टाका. मी सोललेली कोळंबी टाकीत सोडली तेव्हा अण्णा उठून जवळ आले. 'कोळंबी कुजवतंस? तुझ्या आवशीन बघल्यान असता तर तुका घरातसून भायर काढल्यान असता.' आईच्या नंतर पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव काढलं. खोलीत चार दिवसांनी असा वास सुटला की गॅलरीतून जाणारे लोक नाक धरायला लागले. मला तो वास आवडत होता. खरंच सांगते, त्या सडक्या वासात मला आशा वाटत होती.

आणि मोटर. पाणी फिरवणारी ती स्वस्तातली मोटर दिवसरात्र घरघरायची. मी म्हटलं, बदलून आणते, झोप लागणार नाही तुम्हाला. अण्णा म्हणाले, नको. गिरणी सुटल्यापासून त्यांना शांततेत झोप लागत नसे, हे मला आई सांगायची; मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या घरघरीत अण्णा भिंतीला पाठ लावून बसायचे आणि बसल्याबसल्याच त्यांची मान कलायची. दुपारी मी सुट्टीवर असले की त्यांचा श्वास आणि मोटरचा आवाज एका लयीत ऐकत राहायचे. घरात पुन्हा कुणीतरी राहतंय असं वाटायचं.

दोन मासे आणले. निळे, शेपटी पिवळी, बोटाच्या पेराएवढे. दुकानदार म्हणाला, 'स्वस्त पण एकदम चिवट. यांना सांभाळलंत तर पुढे बघू.' पिशवी टाकीत तरंगत ठेवली, अण्णा शेजारी स्टूल घेऊन बसले. 'जगतले मां?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जगतील. त्यांनी ते माझ्याकडून दोनतीनदा वदवून घेतलं. मग रोज सकाळी चिमूटभर दाणे टाकायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. माशांच्या आधी स्वतः जेवायचं नाही. पण माशांनी खाल्लं की ते खायचे. मला एवढंच पुष्कळ होतं.

दसऱ्याला मला सुट्टी नव्हती. दुपारी घरी आले तर दाराला तोरण, आणि ओट्यावर पाट. मोटरला झेंडूचा हार. प्लगला कुंकवाचं बोट, पंख्याच्या वायरला हळद. अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. 'आज मशीनची पूजा,' म्हणाले. 'साचेखात्यात दसऱ्याक आम्ही साचे धुवन पुसान हार घालू. मशीनीन आमका पोसल्यान ना.' सगळं गिरणगाव हे करायचं. लहानपणी मीही त्यांचं बोट धरून गेले होते खात्यात, हार घातलेली ती गप्प यंत्रं बघायला. अण्णांनी श्रीखंड-पुरी खाल्ली. तिसरी पुरी मागून घेतली. मी मोटरचा फोटो काढून बाबीदादाला पाठवला आणि गॅलरीत जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, नवसाला हात जोडावेत तसे हात जोडले. कुणाला जोडले ते मला ठाऊक नाही.

मला तेव्हा फक्त हार दिसला होता.

दसरा उलटला आणि गोगलगाई काचेवरून गळून पडायला लागल्या. आधी एक, मग सगळ्या, तळाशी उताण्या. एक खेकडा शंख सोडून बाहेर येऊन पडला. तो शंखाबाहेर इतका मऊ आणि नागडा असतो हे मी प्रथमच बघत होते. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन भराभर श्वास घ्यायला लागले. मी पाणी तपासलं, बर्फाच्या बाटल्या सोडल्या, टेबलफॅन लावला, मोटर उघडून धुतली. काही कळेना. अण्णांनी हातातली दाण्यांची डबी खाली ठेवली. 'माझ्या हातान काय जगना नाय,' म्हणाले, आणि जाऊन भिंतीला टेकले. ते गोगलगाईंबद्दल बोलत नव्हते.

मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, उकाड्याने झालंय, सगळ्या मुंबईत होतंय. थापच ती. मला त्या क्षणी काहीही बोलायची तयारी होती. आई गेली तेव्हा माझ्याकडे एक दिवसही नव्हता. आता दिवस होते, आणि माझ्यादेखत ते हातातून निसटत होते.

दुकानदाराला फोन केला. खोलीत फोनवर खासगी असं काही नसतं, मी गॅलरीत गेले तरी आवाज आत येतोच. त्याने सगळं विचारलं आणि म्हणाला, 'गोगलगाय, खेकडा आधी मेले ना? मग पाण्यात तांबं गेलंय. मासे थोडं सहन करतात, हे नाय करत. औषध टाकलं? तांब्याच्या भांड्यातून पाणी ओतलं?' मी म्हटलं, 'तांबं? नाही हो, तांबं कुठून येणार पाण्यात?' तो म्हणाला, तांबं शोषणाऱ्या कोळशाची पिशवी घेऊन जा आणि जमेल तेवढं पाणी बदला. बाबीदादाने त्याच संध्याकाळच्या बसला कॅन चढवले.

पाणी आलं ती कोजागिरी होती. खाली चाळीत दूध आटवायची पातेली घासत होते. अण्णांना सविताकाकू गच्चीवर बोलावून घेऊन गेल्या, माझ्या सांगण्यावरूनच. मी एकटीने जुनं पाणी उपसलं, दगड एकेक करून काढले. आडवा घातलेला दगड उचलला आणि खाली पैसा दिसला.

भोकाचा पैसा. आईच्या देव्हाऱ्यातला. आमच्याकडे पूजा मांडली की कलशात पाणी, पाण्यात सुपारी आणि हा पैसा. आजीने आईला दिलेला, तांब्याचा, लाल, घासून घासून गुळगुळीत झालेला. त्याच्या भोकाच्या कडेला हिरवं चढलं होतं. दसऱ्याला अण्णांनी मशीनला हार घातला होता, तेव्हा पाण्यालाही मान दिला होता. पाणी पुजायचं म्हणजे त्यात पैसा सोडायचा, त्यांना दुसरी रीत माहीतच नव्हती. बसने आलेल्या त्या समुद्राला त्यांनी घरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात चांगली वस्तू दिली होती.

मी पैसा मुठीत धरून ओट्याखाली बसले. ओव्याची चिमूट आठवली. तीही त्यांनी अशीच दिली होती, त्यांच्याकडे असलेलं चांगलं तेच. हे त्यांना कळलं तर माझ्याकडे पुढे काहीच उरणार नव्हतं. कुठला डॉक्टर, कुठली गोळी, कुठला समुद्र. मी पैसा पुसला, पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला आणि चेन ओढली. मग नवं पाणी ओतायला लागले. अण्णा गच्चीवरून उतरले तेव्हा मी दगड परत रचले होते, आडवा आडवाच.

एक मासा दुसऱ्या दिवशी गेला. दुसरा राहिला. तो का राहिला याचं उत्तर मला दुकानदाराने दिलं नाही, मी मागितलंही नाही. मी भीतभीत दाण्यांची डबी अण्णांसमोर ठेवली. ते बराच वेळ डबीकडे बघत राहिले. मग उठले आणि चिमूटभर दाणे टाकले. मला वाटलं, थाप पचली. उकाड्यावर त्यांचा विश्वास बसला.

त्याला वर्ष झालं. तो पैसा माझ्या पर्समध्येच राहिला, पास, किल्ल्या, औषधाच्या चिठ्ठ्या यांच्याबरोबर. देव्हाऱ्यात ठेवला तर अण्णा विचारतील, आणि आईचा पैसा टाकवत तर नाही. ड्यूटीवर सुटे शोधताना तो बोटांना लागायचा आणि मी हात मागे घ्यायचे. मासा आता अंगठ्याएवढा झालाय, भांडखोर आहे, काचेपाशी बोट नेलं की चावायला येतो. अण्णा त्याच्याशी भांडतात. जेवतात. एखाददिवशी पुन्हा भिंतीला टेकतात तेव्हा माझा जीव पुन्हा तसाच होतो. ते काही संपलेलं नाही.

परवा दसरा झाला. यंदा रजा काढली. अण्णांनी सकाळीच मोटर बंद करून पुसली, हार घातला, प्लगला कुंकू लावलं. मी पुऱ्या तळत होते आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. झारा हातात, तेल तापलेलं, आणि मनात एकच, की आता खिशातून काय निघतंय. काही निघालं नाही. त्यांनी काचेला बाहेरून हळदीकुंकवाची दोन बोटं लावली, फुलाची एक पाकळीसुद्धा पाण्यात पडू दिली नाही, आणि हात जोडले.

मला गप्प बसायला हवं होतं. पण जीभ. 'पाण्यात काही नाही सोडलंत?' मी विचारलं.

अण्णा माशाकडेच बघत होते. 'काय सोडू?' म्हणाले. 'पैसो तुझ्या पाकिटात आसा मां.'

तेलातली पुरी काळी पडेपर्यंत मी तशीच उभी होते. ज्याने पैसा ठेवला तो माणूस दुसऱ्या दिवशी दगडाखाली बघणारच होता, आणि फोनवरचं माझं 'तांबं' त्याने ऐकलंच होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कोजागिरीनंतरच्या त्या सकाळी, डबीसमोर, त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि तरी ते उठले होते.

'गॅस बारीक कर गो,' अण्णा म्हणाले, आणि मोटर चालू करायला वाकले.